हजेरीतून खोडलेली ओळ

वाघमारे सरांचा कॉम्प्युटर बोलायचा बंद झाला तो माझ्यामुळे. त्याला जोडलेला बोलणारा डबा जळाला नव्हता, व्होल्टेज वाढलं नव्हतं, सरांनी चुकीचं काही दाबलं नव्हतं. मी एका ओळीच्या आधी तीन अक्षरं टाइप केली आणि विसरून गेलो. पुढे आठवलं, तेव्हा गप्प बसलो.

हे आधीच लिहून टाकतो. या अंकाच्या संपादकांनी खरं तर माझ्याकडे धंद्यातले गमतीदार किस्से मागितले होते. किस्से आहेत माझ्याकडे, हवे तेवढे. पण ही गोष्ट बाजूला ठेवून ते लिहायला बसलो आणि चार वेळा कागद फाडला. पाचव्यांदा बायको म्हणाली, "जे लिहायचंय ते लिहा ना एकदाचं. कागदाला कावून तरास?"

बीडला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथे निम्मं काम मोबाइलच्या काचा बदलण्याचं चालतं. सुरू केलं तेव्हा मात्र डॉसचा जमाना होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र नाही, बाण नाही. आपण हुकूम टाइप करायचा. यंत्राला पटला तर ते काम करणार, नाही पटला तर इंग्रजीत एक ओळ तोंडावर फेकणार. या ओळी वाचायचा कंटाळा हा आमच्या भागातला सगळ्यात मोठा बिघाड होता. त्या कंटाळ्यात मीही होतो, हे पुढे कळेलच.

तर ड्रायव्हर. हा शब्द उच्चारला की समोरचा हमखास विचारतो, "कोणती गाडी चालवतो?" हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्यावर दात दाखवायचंही सोडून दिलंय. ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्राम. कॉम्प्युटरला तुम्ही प्रिंटर जोडा, माउस जोडा, आणखी काही जोडा. डॉसला त्या वस्तूतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून वस्तू बनवणारा सोबत एक फ्लॉपी देतो. तिच्यात त्या वस्तूची भाषा जाणणारा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. पण नुसता मशीनमध्ये टाकून भागत नाही. 'कॉन्फिग' नावाची एक साधी फाइल असते, तिच्यात त्याच्या नावाची ओळ लिहावी लागते. ही फाइल म्हणजे शाळेची हजेरी समजा. मशीन चालू झालं की डॉस पहिल्यांदा ही हजेरी वरून खाली वाचतो. ज्याचं नाव आहे त्याला आत घेतो. ज्याचं नाव नाही तो वर्गात समोर उभा असला तरी गैरहजर. तुम्ही प्रिंटरवर कितीही थापा मारा.

आणि थापा मारत लोक. नांदूरघाटचा एक फोटो स्टुडिओवाला नुसता प्रिंटर पाठीवर बांधून आला. म्हटलं, याची फ्लॉपी?

"ती फोडली."

"फोडली?"

"आतली काळी चकती काढली. सूर्याचं गिराण बघायला. अर्ध्या गावानं बघितलं त्यातून, लई भारी दिसलं."

त्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळवायला मला पुण्याला दोन खेपा कराव्या लागल्या. दुसरा, सिरसाळ्याचा बी-बियाण्याचा दुकानदार. मशीन सुरूच होईना म्हणून आला. बघतो तर हजेरीची फाइलच गायब. म्हणाला, "म्याच पुसली. ती फाइल काय म्या केली नव्हती. मंग माझ्या मशीनमधी कावून बसली?" आपण न बनवलेल्या सगळ्या फाइली त्याने अशाच साफ केल्या होत्या. मी त्याला तिथे उभा करून झापला. माझे शब्द मला अजून पाठ आहेत. "शेठ, ज्याचं काम आपल्याला माहीत नाही, त्याला हात लावू नये. एवढी साधी अक्कल लागते."

याच महिन्यात मी शाळेत गेलो.

शहरापासून थोडी बाहेर अंध मुलांची एक निवासी शाळा होती. नाव लिहीत नाही. तिथे वाघमारे सर शिकवायचे. सर मूळचे बीडजवळच्या पालीचे. लहानपणी गोवरात दोन्ही डोळे गेले. शिकले, मास्तर झाले, आणि पुण्याला सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन कॉम्प्युटर चालवायला लागले. आमच्या ओळखीत तरी असा दुसरा माणूस नव्हता. एका दात्याने शाळेला दिलेल्या मशीनला मागून एक डबा जोडलेला होता. जेवणाच्या डब्याएवढा, पुढे स्पीकरची जाळी. पडद्यावर जे अक्षर उमटेल ते हा डबा मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला यायचं फक्त इंग्रजी. सर इंग्रजी लिपीत मराठी टाइप करायचे आणि डबा ते सर्दी झालेल्या गोऱ्या माणसासारखं वाचायचा. पोरं त्या डब्याला 'साहेब' म्हणायची. 'साहेब उठला का?' 'साहेबाला आज खोकला हाय.' मग शेजारचा ब्रेलचा प्रिंटर गारा पडल्यासारखा टपटपायचा आणि त्या दिवशीचा धडा पोरांच्या बोटांखाली यायचा.

डोळस लोक डॉसला वैतागले होते. सरांना तो सोयीचा होता. सगळा कारभार अक्षरांचा. अक्षर म्हणजे वाचता येणारं, वाचता येणारं म्हणजे ऐकता येणारं. सर माझ्यापेक्षा वेगाने हुकूम टाइप करायचे. मशीन सुरू झालं की डब्याने पहिल्यांदा काय म्हणायचं, तेही त्यांनीच लिहून ठेवलं होतं: 'बोला सर.' डबा म्हणायचा 'बोऽला सऽ', आणि सर खुर्ची पुढे ओढायचे.

मला मात्र त्या डब्याचा वैताग यायचा. मी दुरुस्तीला बसलो की टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तो ओरडून सांगणार. म्हणून माझी एक सवय होती. शाळेत गेलो की खुर्चीत बसण्याआधी डब्याचं बटण बंद करायचो आणि काम संपल्यावर चालू करून निघायचो. म्हणजे बघा, मी त्या मशीनवर जे काही करायचो ते डबा मुका असताना. नंतर तो बोलतो की नाही, हे तपासायचं मला कधी सुचलंच नाही. मला पडदा दिसत होता ना. पडद्यावर ठीक दिसलं की माझ्या लेखी काम झालं.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे तात्या. राजकारणात होते, मनाने वाईट नव्हते, पण ऐकून घ्यायची सवय नव्हती. कोणी मोठे पाहुणे शाळा बघायला येणार होते. तात्यांनी मशीनमध्ये सीडी बसवायला सांगितली, प्राण्यांची चित्रं दाखवणारी. अंधांच्या शाळेत चित्रं! मी म्हटलं, "तात्या, इथे कोण बघणार?"

"पाव्हणे बगतील की. त्यांना काय ठिपके दाखवू का?"

सर तेव्हा वर्गावर होते. मी डबा बंद केला, सीडी बसवली, तिचा ड्रायव्हर हजेरीत सगळ्यात वर लिहिला. मशीन म्हणालं, मेमरी पुरत नाही.

हे थोडं सांगावं लागेल. डॉसची मुख्य जागा ठरावीक असते, सहाशे चाळीस केबी. मेमरीची पट्टी कितीही मोठी बसवा, प्रोग्राम चालायला जागा तेवढीच. आपल्याकडची काळी-पिवळी जीप असते तशी. आतल्या बैठका ठरलेल्या. प्रत्येक ड्रायव्हर एकेक बैठक अडवून बसतो आणि शेवटी ज्याच्यासाठी जीप केली तो प्रोग्रामच रस्त्यावर उभा. जीपला जसा वर टप असतो, तशी डॉसलाही वर थोडी जागा असते. कोणाला आत बसवायचं, कोणाला टपावर चढवायचं आणि कोणाला आधी, हे जुळवणं म्हणजे खरी कारागिरी. जाडजूड गडी आधी चढवला तर सगळे मावतात, शेवटी चढवला तर त्याला शिरायलाच जागा उरत नाही. हे मला नीट आलं ते दोन वर्षांनंतर. त्या दिवशी तात्या दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

मी हजेरी वाचली. एका ओळीत मला माहीत नसलेलं नाव होतं आणि तो गडी बरीच जागा अडवून बसला होता. मी त्या ओळीच्या आधी आर, ई, एम ही तीन अक्षरं लिहिली. डॉसला त्याचा अर्थ असा की, ही ओळ नुसता शेरा आहे, वाचू नको, पुढे जा. ओळ पुसली नाही, म्हणजे मी स्वतःला शहाणाच समजत होतो. मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर वाघ आला.

"वाघ बगा, वाघ!" तात्या खूश. वऱ्हांड्यातून चार-पाच पोरं दारात येऊन उभी राहिली. त्यातल्या एकीने विचारलं, "कसा दिसतोय, सर?" तात्या पडद्याकडेच बघत राहिले. मी डब्याचं बटण चालू केलं आणि निघालो.

तीन दिवसांनी बोलावणं आलं. सर खुर्चीत बसलेले, हात डब्यावर. शेजारी तात्यांचा पुतण्या दत्ता, पंचविशीचा, बारावी करून घरी बसलेला. आणि तात्या.

"जाधव, हा बोलंना," सर म्हणाले. "पण ह्याला वीज येतीय. हात लावून बगा, गरम हाय."

मी हात लावला. डबा गरम होता. दिवाही लागलेला होता.

"आतली आयसी, म्हणजे चिप, गेली असेल," मी म्हटलं.

"आयसी गेली तर सुरू व्हताना 'खट्' असा आवाज येतो तो आला नसता. तो येतोय." सरांनी दत्ताकडे मान वळवली. "दत्ताला म्या म्हणलं, मशीन चालू होताना पडद्यावर काय येतं ते वाच."

"इंग्रजीत कायतरी येतंय अन् पळतंय वर," दत्ता म्हणाला. "कोण वाचणार ते?"

डबा सापडत नाही अशी ओळ दररोज त्या पडद्यावर येत होती. मशीन आपली तक्रार इमानदारीने लिहीत होतं, पण नेमकी अशा जागी जिथे ज्याला गरज तोच वाचू शकत नव्हता. आणि मी, दोन्ही डोळे धड असलेला मेकॅनिक, तिथे उभा असून ती ओळ वर पळू दिली.

मग सरांनी विचारलं, "मागल्या खेपेला तुमी काय बदललंत?"

मला तेव्हा ती ओळ आठवत होती का? या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे देऊन बघितलं आहे. खरं एवढंच की, डोक्यात काहीतरी चमकलं आणि ते काय आहे हे मी मुद्दाम बघितलं नाही. म्हणालो, "काही नाही. सीडी तेवढी बसवली."

"बगा हं. नीट आठवून सांगा."

"सर, मी दहा वर्षं हेच करतोय."

दहा नव्हती, सहा होती.

तात्या वैतागले. "अवो वाघमारे, ते मेकॅनिक हायेत का तुमी? जाधव, डबा दुरुस्त व्हतोय का?"

"नाही होणार. बाहेर देशातला आहे."

"मंग तसं लिहून द्या. दात्याला कळवावं लागंल."

मी दुकानात जाऊन लेटरहेडवर लिहून दिलं: 'सदर यंत्र विद्युत दाबातील चढउतारामुळे किंवा अयोग्य हाताळणीमुळे जळाले असून दुरुस्त होण्यायोग्य नाही.' 'किंवा अयोग्य हाताळणीमुळे' हे शब्द माझे. कोणी सांगितले नव्हते. आमच्या धंद्यात ती पद्धतच आहे, गिऱ्हाइकाच्या माथी थोडं मारून ठेवायचं म्हणजे प्रश्न येत नाहीत.

त्या कागदाने जे व्हायचं ते झालं. दत्ता खुर्चीत बसला. तात्या म्हणाले, मुक्या यंत्रावर आंधळा माणूस काय करणार, त्यात त्यांचं तरी काय चुकलं? सरांना खुर्च्या विणण्याच्या वर्गावर दिलं. वेताच्या खुर्च्या. तीच विद्या, जी अशा शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवतात, आणि जिच्यातून बाहेर पडायला सर पुण्याला गेले होते. दत्ता ब्रेल छापायचा, पण त्याला ते वाचता येत नव्हतं, त्यामुळे कधी शब्दांमधल्या जागाच गायब, कधी तेच पान तीनदा. पोरं म्हणायची, "साहेब मेला तवापासून धडे पण येडे झाले."

पाच-सहा महिन्यांनी दत्ताच्या प्रिंटरचं काही काम निघालं म्हणून गेलो. दुपारची जेवणाची वेळ, कचेरीत कोणी नाही. हजेरीची फाइल उघडली आणि माझीच तीन अक्षरं माझ्यासमोर आली. आता मला ते नाव कळत होतं. मधल्या काळात मी बरंच शिकलो होतो.

कपाटाच्या खालच्या खणात डबा पडला होता. वायर गुंडाळलेली. मी तो जोडला. तीन अक्षरं काढली. मशीन पुन्हा चालू केलं.

"बोऽला सऽ."

रिकाम्या खोलीत तो आवाज इतका मोठा वाटला की मी दाराकडे बघितलं. वऱ्हांड्यात कोणी नव्हतं. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सर पोरांना वेत भिजवायला सांगत होते, ते ऐकू येत होतं. पन्नास पावलं. उठून जायचं, हाताला धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं. बाकी काही बोलायचीही गरज नव्हती.

मी काय केलं ते लिहायला चार कागद फाटले. मी तीन अक्षरं परत लिहिली. डबा काढला, वायर गुंडाळली, होता तसा खणात ठेवला. माझं लेटरहेड तात्यांच्या फाइलमध्ये होतं. त्यांच्या ओळखीने आणखी चार शाळांचं काम माझ्याकडे होतं. पण नुसतं कामाचं कारण सांगितलं तर तेही अर्धं खोटंच. सिरसाळ्याच्या शेठला मी जे शब्द ऐकवले होते, ते मला कोणी ऐकवू नयेत, हे खरं कारण. पहिल्या दिवशी मी अडाणी होतो. दुसऱ्या दिवशी घाबरट. या दिवशी मला सगळं माहीत होतं.

सर अकरा वर्षं खुर्च्या विणत राहिले आणि निवृत्त झाले. मधे एकदा बसस्थानकावर दिसले. बोटांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या, वेताच्या धारेने चिरतात म्हणून. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. ते मला बघू शकत नव्हते, तरी ओलांडला.

विंडोज आलं, मग ते आपलं आपण ड्रायव्हर शोधायला लागलं. गिऱ्हाइकाला हजेरी म्हणजे काय हे ठाऊकही नसतं आता. चांगलंच आहे. मी मात्र नव्या मशीनवर काम करताना प्रत्येक फाइलची नक्कल काढून ठेवतो, काय बदललं ते वहीत लिहितो, निघताना गिऱ्हाइकाला स्वतः चालवून बघायला लावतो. लोक वैतागतात. "झालं की हो जाधव, किती येळ?" म्हणतात. त्यांना काय सांगू.

यंदा उन्हाळ्यात भंगारवाले रफिकभाई दुकानासमोर हातगाडी लावून उभे राहिले. "जाधवभाई, अंधशाळेका माल उठाया. कुछ काम का है तो देखो, नहीं तो सीधा तोडता मैं." गाडीवर तेच मशीन. कीबोर्डच्या फटींत मुंग्यांची माती. आणि खाली, वायर तशीच गुंडाळलेला, साहेब. ती वायर मीच गुंडाळली होती. मी शेवटी एक आडवा वेढा देतो.

मशीन मी ठेवून घेतलं. आतला सेल मेलेला, पंखा जाम, डिस्क केवढी आहे हेही त्याला हाताने सांगावं लागलं. चार दिवस खपलो. पाचव्या दिवशी डिस्क फिरली, काळा पडदा उजळला, आणि हजेरी उघडल्यावर ती ओळ जशीच्या तशी, तीन अक्षरांसकट. मग मी आणखी एक गोष्ट करून बघितली, जी करायला नको होती. सीडीचा आणि डब्याचा, दोघांचेही ड्रायव्हर लिहिले, फक्त जाडा गडी, म्हणजे डब्याचा, आधी. दोघे मावले. वर जागाही उरली. कोणाला खाली उतरवायची गरजच नव्हती. वाघही दिसला असता आणि साहेबही बोलला असता. नुसत्या दोन ओळी वरखाली करायच्या होत्या. मी टेबलावर हात आपटला, तेव्हा बाहेरचं गिऱ्हाईक दचकून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळं रिक्षात घालून पालीला गेलो. सरांचं घर शोधावं लागलं नाही, पारावरच्या माणसाने थेट दार दाखवलं. दारात शांताबाई, सरांच्या पत्नी, ज्वारी निवडत होत्या.

"कोण?"

"जाधव. बीडचा. कॉम्प्युटरवाला."

त्यांचा हात सुपातच थांबला. "जळाला म्हणून लिहून देणारे?"

इतक्या वर्षांनी तो कागद कोणाला पाठ असेल, असं मला वाटलं नव्हतं.

सर आत खाटेवर बसले होते. मोबाइल कानाशी, तो त्यांना बातम्या वाचून दाखवत होता, स्वच्छ मराठीत. त्यांनी तो बंद केला. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, वाघापासून. कचेरीतल्या दुपारपर्यंत आलो तेव्हा शांताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "अन् हे पत्र्याखाली बोटं चिरून घेत व्हते. म्या रोज राती हळद भरायची. तुमी आयसी म्हणलात! ह्यांना वाटायचं, आपल्याच हातून कायतरी दाबलं गेलं. वरीसभर झोपंत बोटं हलवून बगायचे, कोणतं बटण म्हणून."

"थांब गं," सर म्हणाले. मग त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. मी वाट बघत होतो की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी तुमी जोडलात तवा," त्यांनी विचारलं, "तो काय म्हणला?"

"बोला सर."

"एकदाच?"

"एकदाच."

"म्या तवा कुठं व्हतो?"

"शेडमध्ये. वेत भिजवत."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या गणिताची राहिलेली पायरी मिळाली. "हाय का तो आत्ता?"

"रिक्षात आहे. बोलतोय."

"मंग आणा की बे आत! उन्हात कावून ठेवलाय त्याला?"

सरांच्या तोंडून 'बे' मी पहिल्यांदाच ऐकलं.

खाटेसमोर स्टूल ओढून मशीन मांडलं. सरांनी हाताने चाचपून डब्याची वायर स्वतः जोडली. माझ्यावर सोडली नाही. बटण दाबलं. पडद्यावर ओळी पळाल्या, आणि या वेळी मी त्या एकेक वाचल्या.

"बोऽला सऽ."

शांताबाईंनी तोंडाला पदर लावला. सर खुर्ची ओढतात तसे खाटेवर पुढे सरकले, हात कीबोर्डवर ठेवला, आणि परत उचलला.

"न्हाई. आधी तुमी."

"सर, मी मनापासून..."

"तोंडानं नगं. तोंडानं तुमी तवाबी बोललात. तवा लिहून दिलं व्हतं ना? आत्ताबी लिवा. ह्याच्याम्होरं. तो वाचंल, म्या ऐकतो. बटण बंद करू नका फक्त."

मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायला लागलो. प्रत्येक अक्षर डबा मोठ्याने सांगत होता. वीस वर्षांपूर्वी ज्याचा मला वैताग यायचा, तोच आवाज. ओळ संपली की तो सबंध ओळ वाचायचा आणि सर, धडा लिहून घेणाऱ्या मास्तरांसारखे, हनुवटी वर करून म्हणायचे, "पुढं."

यंत्र जळालं नव्हतं.

"पुढं."

ओळ मी बंद केली होती. तुम्ही काहीही चुकीचं दाबलं नव्हतं.

इथे त्यांची बोटं मांडीवर हलली, मग स्थिर झाली. "पुढं."

तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. नंतर मला कळलं, तेव्हा तुम्ही पन्नास पावलांवर होता आणि मी आलो नाही.

"पुढं."

वाघमारे सर, माझं चुकलं. मला माफ करा.